पोटाचा कर्करोग, अंगातली चरबी आणि रुग्णाचे ताट

"कॅन्सर तेला-तुपावर पोसतो, म्हणून रोग्याला तेला-तुपाचे काही देऊ नका," असा एक समज अलीकडे वस्त्यावस्त्यांतून फिरू लागला आहे. कोणी तो मोबाईलवर वाचलेला असतो, कोणी पाहुण्यांकडून ऐकलेला असतो. मुळशी तालुक्यात पौड, पिरंगुट, घोटावडे या भागात समाजकार्यानिमित्त घरोघरी जाणे होते, तेव्हा आमच्याही कानावर तो वारंवार येतो. परिणाम असा होतो की, जठराच्या कर्करोगाने आधीच खंगलेल्या माणसाच्या ताटातून प्रथम मटणाचा रस्सा जातो, मग अंडे जाते, मग दूध जाते, शेवटी शेंगदाण्याची चटणीसुद्धा जाते. उरतो तो मऊ भात आणि वरणाचे पाणी. दोन महिन्यांत माणूस हाडाला चिकटतो. मग डॉक्टर म्हणतात, यांच्या अंगात औषध सोसण्याची ताकद राहिलेली नाही.

या समजाच्या मुळाशी एक खरे संशोधन आहे आणि त्यावर घाईने बसवलेला एक चुकीचा निष्कर्ष आहे. दोन्ही वेगळे करून वाचकांपुढे ठेवावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू. आम्ही डॉक्टर नाही. कचेरीत बसून जमाखर्च लिहिणे हा आमचा धंदा. पण शरीरातील चरबीचा व्यवहार हाही जमाखर्चच आहे. तो नीट समजला तर कोणाचे ऐकावे आणि कोणाचे सोडून द्यावे, हे घरातील आईला, बहिणीलाही ठरवता येईल.

शरीरातील चरबीची खतावणी

आपण तेल, तूप, दूध, शेंगदाणे, मासे, मटण खातो. त्यातील स्निग्ध भाग लहान आतड्यात गेल्यावर यकृतातून आलेले पित्त त्याचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस ते थेंब आणखी फोडतो. त्यातून जे सुटे घटक निघतात, त्यांना मेदाम्ले म्हणतात. ती आतड्यातून शोषली जातात, रक्तावाटे अंगभर फिरतात, काही लगेच खर्च होतात आणि उरलेली कातडीखाली व पोटातील अवयवांभोवती साठवली जातात. एक ग्रॅम स्टार्च किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून ९. म्हणजे साखर ही खिशातली सुटी रोकड, तर चरबी ही बँकेतली मुदत ठेव. रोकड संपली की शरीर ठेव मोडते.

चरबीचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. आपल्या प्रत्येक पेशीचे वेष्टन मेदाचेच बनलेले असते. कोलेस्टेरॉलचे नाव काढले की आपण घाबरतो, पण त्यापासून शरीर कित्येक आवश्यक द्रव्ये बनवते. चरबी अजिबात नसेल तर एकही नवी पेशी तयार होणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. शरीर केवळ खाल्लेल्या तुपातूनच चरबी मिळवते असे नाही. भात, साखर, मैदा यांतूनही ते स्वतः चरबी तयार करते. तूप डोळ्यांनी न पाहणाऱ्या माणसाचेही पोट सुटते, ते यामुळेच. चरबी घेणे, बनवणे, साठवणे आणि जाळणे या सर्व व्यवहाराला शास्त्रज्ञ मेदाचे चयापचय म्हणतात.

जठरात कर्करोग येतो कोठून?

सन २०२२ मध्ये जगात सुमारे ९ लाख ७० हजार लोकांना जठराचा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने मरण पावले. भारतात दरवर्षी साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. आपल्या महाराष्ट्रात कर्करोगाच्या मोजदादीची परंपरा जुनी आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली आणि ग्रामीण भागातील देशातली पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला सुरू झाली. अशा नोंदण्यांवरून कळते की, जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त मिझोराममध्ये आहे. चेन्नईतही ते बरेच आहे. त्या मानाने महाराष्ट्रात ते कमी आहे. पण ज्या घरात हा रोग येतो, त्या घराला सरासरीचा काय उपयोग?

या रोगाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी तो १९८२ साली वाढवून दाखवला. जठरातील तीव्र आम्लात जिवाणू जगू शकतात, हे तेव्हा कोणी मानायला तयार नव्हते. १९८४ साली मार्शल यांनी त्या जिवाणूंचे पाणी स्वतः पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जिवाणू कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आणि २००५ साली दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात, पाणी लांबून आणावे लागते, संडास सार्वजनिक असतो, अशा ठिकाणी तो घरातल्या घरात पसरतो. म्हणजे हा कोणाच्या नशिबाचा भोग नाही आणि कोणाची करणी तर मुळीच नाही. घर, पाणी आणि स्वच्छता यांचा हा प्रश्न आहे. जिवाणू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र सूज वर्षानुवर्षे राहते, जठराचे अस्तर झिजते, त्याच्या जागी आतड्यासारखे अस्तर येऊ लागते आणि वीस-तीस वर्षांनी त्यात कर्करोग मूळ धरतो. बिडी-सिगारेट, अति मीठ, खारवलेले व धुरावर टिकवलेले पदार्थ या वाटचालीला मदत करतात.

या जिवाणूची एक युक्ती आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तो आपल्याच पेशींच्या वेष्टनातून कोलेस्टेरॉल काढून घेतो, त्याला साखरेचा एक कण जोडतो आणि ते पांघरूण अंगावर ओढतो. त्यामुळे शरीराच्या पहारेकरी पेशींना त्याला ओळखणे व गिळणे जड जाते. जर्मनीतील संशोधकांनी हे २००६ साली दाखवून दिले. चोराने घरमालकाचीच घोंगडी पांघरून घरात वावरावे, तसा हा प्रकार. चरबी आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध जठरात असा कर्करोगाच्या पुष्कळ आधीपासून सुरू होतो.

पहारा देणाऱ्या पेशी

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी टी पेशी नावाचा वर्ग कर्करोगाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टी पेशींमध्येही निरनिराळी खाती आहेत. एक खाते मारेकऱ्यांचे. बिघडलेली पेशी दिसली की तिला गाठून मारणे हे त्यांचे काम. दुसरे खाते नियंत्रकांचे. मारेकरी पेशींनी आपल्याच शरीरावर हात उगारू नये, म्हणून त्यांना आवरणे हे यांचे काम. या नियंत्रक पेशींचा शोध जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली लावला. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ सालचा नोबेल पुरस्कार मिळाला.

दोन्ही खाती हवीत. नियंत्रक नसतील तर शरीर स्वतःलाच खाऊ लागेल. पण कर्करोगाच्या गाठीत जर मारेकरी थोडे आणि नियंत्रक फार झाले, तर पहारा असूनही चोरी चालू राहते. गाठीभोवती कोणत्या पेशी किती आहेत, त्या जाग्या आहेत की थकलेल्या आहेत, यालाच गाठीभोवतीचे प्रतिकारशक्तीचे वातावरण म्हणतात. जठराच्या कर्करोगात हे वातावरण बिघडवण्यात चरबीचा मोठा हात आहे, असे गेल्या काही वर्षांतील संशोधन सांगते.

गाठीतली खानावळ

पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या बांधवांना कँटीनचे उदाहरण चटकन पटेल. समजा, कारखान्यात एकच कँटीन आहे आणि तेथे तीन गट जेवायला येतात. कर्करोगाच्या पेशी, मारेकरी टी पेशी आणि नियंत्रक टी पेशी. सर्वांना आवडणारे ताट म्हणजे साखर. पण कर्करोगाच्या पेशी अधाशी. त्या साखरेची ताटे आधीच फस्त करतात. मारेकरी पेशींना लढण्यासाठी साखर लागते, तीच त्यांना मिळत नाही. आता कँटीनमध्ये उरली चरबी. चरबीवर कोण निभावून नेतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

नियंत्रक पेशी चरबीवर चांगल्या जगतात. जपानमधील संशोधकांनी २०२० साली जठराच्या एका विशिष्ट कर्करोगाबाबत ही गोष्ट उलगडून दाखवली. जठराच्या भिंतीत पसरत जाणारा कर्करोगाचा एक प्रकार आहे. त्यातील काही रुग्णांच्या गाठीत आरएचओए नावाच्या जनुकात बिघाड असतो. या बिघाडामुळे कर्करोगाच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेदाम्ले तयार करून भोवताली सोडतात. ती खाऊन नियंत्रक पेशी माजतात. त्याच वेळी मारेकरी पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप कमी होतात. अशा रीतीने चोर स्वतःच पहाऱ्याच्या मुकादमाला जेवू घालतो आणि मुकादम शिपायांना आवरून धरतो. उंदरांवरील प्रयोगात हा मेदाम्लांचा कारखाना औषधाने मंदावला, तेव्हा प्रतिकारशक्ती जागवणारे औषध अधिक लागू पडले.

याच वर्षी चीनमधील संशोधकांनी दुसरी बाजू पुढे आणली. जठराच्या अस्तरात कायम मुक्काम करून राहणाऱ्या काही टी पेशी असतात. गावातच राहणाऱ्या पोलीस पाटलासारख्या. या पेशींना जगण्यासाठी चरबीच लागते. कर्करोगाच्या पेशी त्यांच्या तोंडची चरबी ओढून घेतात, तेव्हा या टी पेशी उपासमारीने मरतात. येथे चरबी कमी पडल्यामुळे पहारा मोडतो. पहिल्या उदाहरणात चरबी मिळाल्याने नुकसान झाले, दुसऱ्यात न मिळाल्याने. ही दोन्ही उदाहरणे वाचकांनी शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

तिसरा भाग पसरण्याचा. काही कर्करोग पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-३६ नावाचे एक दार असते. त्यातून बाहेरची मेदाम्ले आत ओढली जातात. जठराच्या ज्या पेशींत हे दार मोठे, त्या दूरवर पसरण्यात पटाईत असतात, असे प्रयोगांत दिसले. जठराला लागूनच पोटात चरबीचा एक पडदा लोंबत असतो. बोकड सोलताना आतड्यांवर जे चरबीचे जाळे दिसते, तेच माणसातही असते. जठराचा कर्करोग अनेकदा याच पडद्यावर आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरतो, आणि मग पोटात पाणी होते.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या घरात असलेल्या एका गोळीशी निगडित आहे. पेशीच्या वेष्टनातील मेदापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते. सूज, ताप, वेदना यांत त्यांचा हात असतो. अॅस्पिरिन ती बनण्याचे थांबवते. हे उलगडणाऱ्या जॉन व्हेन यांना १९८२ साली आणखी दोघांसह नोबेल पुरस्कार मिळाला. दीर्घकाळ सुजलेल्या जठरात आणि जठराच्या गाठीत यांपैकी एक प्रोस्टाग्लँडिन जास्त बनते आणि ते मारेकरी पेशींना सुस्त करते. मग सगळ्यांनी अॅस्पिरिन घ्यावी काय? मुळीच नाही. हीच गोळी जठराला जखम करून रक्तस्राव घडवते. अंगदुखीसाठी रोज उपाशीपोटी वेदनाशामक गोळी खाणारे हमाल व बांधकाम मजूर बंधू रक्ताची उलटी घेऊन दवाखान्यात येतात, ते याच कारणाने.

मग ताटातून तेल-तूप काढायचे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्करोगाच्या पेशी चरबी वापरतात, हे खरे. म्हणून रुग्णाची चरबी तोडावी, हा निष्कर्ष चूक. का चूक, ते क्रमाने पाहू.

पहिले कारण, कर्करोगाची पेशी रुग्णाच्या ताटावर अवलंबून नसते. ती साखरेतून स्वतःची चरबी स्वतः बनवू शकते. रुग्णाला फक्त भात आणि वरणाचे पाणी दिले तरी तिचा कारखाना चालूच राहतो.

दुसरे कारण, उपाशी शरीर ठेव मोडते, हे आपण वर पाहिले. माणसाचे खाणे तोडले की अंगातील साठवलेली चरबी वितळते आणि रक्तात मेदाम्ले उलट वाढतात. म्हणजे ज्या गोष्टीला आपण भितो, तीच आपण वाढवून ठेवतो. शिवाय चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

तिसरे कारण, पहारा देणाऱ्या पेशींनाही अन्न लागते. उपासमार निवडक नसते. चोर आणि पहारेकरी एकाच घरात राहत असताना घराचे धान्य बंद केले, तर आधी कोण मरेल? जो अधाशी आणि बळजोर आहे, तो शेवटपर्यंत टिकतो.

चौथे कारण सर्वांत व्यवहाराचे. जठराचा कर्करोग माणसाचे वजन झपाट्याने उतरवतो. वजन जितके घटते, तितकी शस्त्रक्रियेची जोखीम वाढते, केमोथेरपीची मात्रा कमी करावी लागते आणि कधीकधी उपचार मध्येच थांबवावा लागतो.

तेव्हा रुग्णाला थोडे-थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खायला द्यावे. कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे १ ते दीड ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला रोज ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. डाळ, दूध, दही, मासे, खिमा, शेंगदाण्याचे कूट, नाचणीच्या आंबिलीत घातलेले दूध, जे सोसेल आणि परवडेल ते द्यावे. मऊ भातावर चमचाभर तूप घातल्याने गाठ वाढत नाही. महागडे डबाबंद पावडरी अन्न परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नये. साखरेचा आजार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवावा. संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णाला बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून शोषता येत नाही. त्याला त्याची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. हे घरच्यांनी वहीत लिहून ठेवावे.

निरोग्याची गोष्ट वेगळी. लठ्ठपणामुळे जठराच्या वरच्या टोकाचा, म्हणजे अन्ननलिका जेथे जोडली जाते तेथील कर्करोग वाढतो, असे २०१६ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. निरोग्याने पोट सुटू देऊ नये आणि रुग्णाने वजन उतरू देऊ नये. या दोन सूचना एकमेकींच्या जागी वापरल्या की घोटाळा होतो.

सुकट, बोंबील आणि चान्या

सुक्या मासळीविषयी आम्हाला नेहमी विचारले जाते. मुळशीच्या पावसात भाजी मिळत नाही, तेव्हा सुकट-जवळ्यावरच गरिबाची भाकरी सरते. आपल्या वाडवडिलांनी तर मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करून ठेवल्या आणि त्यावर दुष्काळ काढले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात या अन्नाची नोंद केली आहे. या अन्नाची लाज बाळगण्याचे काही कारण नाही. फक्त एवढे करावे की, खारवलेले रोज खाऊ नये, शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजवून मीठ काढून टाकावे आणि सोबत पालेभाजी, टोमॅटो, कांदा, फळ असावे. कारखान्यात बनवलेल्या खारवलेल्या व धुरी दिलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, असे २०१५ साली त्याच संस्थेने सांगितले. जठराच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. मुलांना बर्गर, सॉसेजची चटक लागते आहे, त्यांना हे सांगावे.

उपचार, औषध आणि पैसा

जठराचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. १८८१ साली व्हिएन्नात बिलरॉथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून रुग्ण जगवला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया चालत आली आहे. आता तिच्या आधी-नंतर केमोथेरपी देतात.

पसरलेल्या रोगात अलीकडे प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे वापरतात. टी पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. जपानचे तासुकू होन्जो यांनी तो १९९२ साली शोधला. अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स अॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ साली नोबेल पुरस्कार मिळाला. हा ब्रेक सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध केमोथेरपीबरोबर जठराच्या कर्करोगात देण्यास अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. ज्या रुग्णांच्या गाठीत हे औषध लागू पडण्याची खूण होती, त्यांच्यात निम्मे रुग्ण केमोथेरपीवर ११.१ महिने जगले, तर औषध जोडल्यावर १४.४ महिने. फायदा आहे, पण चमत्कार नाही. फायदा मर्यादित का, याचे एक उत्तर वरच्या खानावळीत आहे. ब्रेक सोडला तरी शिपाई उपाशी असेल तर तो धावणार कसा? म्हणूनच चरबीचा हा मार्ग बंद करणारी औषधे शोधली जात आहेत. आज तरी ती रुग्णासाठी बाजारात नाहीत. "चरबी तोडून कॅन्सर बरा करतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

निव्होलुमॅबचा पूर्ण उपचार लाखो रुपयांच्या घरात जातो. रोजंदारीवरच्या माणसाला तो ऐकूनच घाम फुटतो. या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मोलाचे काम केले आहे. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात हे औषध दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देण्यात आले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. हा निकाल जठराच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण औषध गरिबाला परवडेल असे करणे हेही संशोधनच आहे, हे त्याने दाखवून दिले.

मुळशीकरांचा आणि टाटांचा संबंध जुना आणि कडू-गोड आहे. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणात येथल्या गावांच्या जमिनी गेल्या, त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली परळला हे रुग्णालय उभारले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे ते आता जनतेच्या पैशाने चालते. तेथे जाताना कोणाचे उपकार घेतल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया व केमोथेरपीचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सर्व जुने कागद घेऊन जावेत. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी जपावी. कागद हरवल्याने उपचार आठवडाभर लांबतात, हे आम्ही कचेरीतली माणसे चांगले जाणतो.

दुर्बिणीला भिऊ नका

सर्वांत मोठा तोटा उशिराने होतो. "गॅस झाला", "पित्त झाले" म्हणून माणूस वर्षभर दुकानातली गोळी खात राहतो. त्या गोळीने जळजळ थांबते आणि गाठ मात्र झाकली जाते. पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नये : चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेले व न जाणारे अपचन, दोन घास खाताच पोट भरणे, कारण नसता वजन उतरणे, घास अडकणे, वारंवार उलटी, डांबरासारखी काळी शौच, आणि रक्त कमी होत जाणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे लक्षात ठेवावे. पण शंका डॉक्टरांनीच फेडावी. बायकांच्या बाबतीत अशक्तपणाचे खापर नेहमी पाळीवर फोडले जाते आणि पोटाकडे कोणी पाहत नाही. तेही थांबले पाहिजे.

तपासणी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहणे आणि संशयास्पद जागेचा तुकडा काढणे. दहा-पंधरा मिनिटांचे काम. मोठ्या सरकारी रुग्णालयांत, पुण्याला ससूनमध्ये, ती सोय आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, हा समज निराधार आहे. तपासणीत जिवाणू सापडला तर डॉक्टर दोन आठवड्यांची औषधे देतात. बरे वाटले म्हणून पाचव्या दिवशी ती बंद करू नयेत. अर्धवट उपचाराने जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्या घरात असा रुग्ण असेल, तेथे आपण सर्वजण भेटायला जातो आणि जाताना प्रत्येकजण एकेक पथ्य सांगून येतो. दहा पाहुणे दहा पथ्ये सांगतात आणि घरची बाई गोंधळून ताट रिकामे करत जाते. यापुढे भेटायला जाल तेव्हा पथ्य सांगू नका. सोबत डझनभर अंडी न्या, दुधाची पिशवी न्या, आणि पुढच्या तारखेला रुग्णाबरोबर दवाखान्यात कोण जाणार आहे, ते विचारा. कोणी नसेल तर आपण जा.